भीती नेमकी कुठल्या ट्यूबची?

मे महिन्यातल्या संध्याकाळी जुहू चौपाटीवर वाळूत खेळणाऱ्या मुलांमध्ये एखादे मूल असे असतेच, जे किल्ला बांधता बांधता मध्येच थांबते आणि कोपराची आतली बाजू कराकरा खाजवू लागते. घामाने खाज वाढलेली असते, वाळू घासली जात असते आणि खारे पाणी लागले की झोंबते. शेजारी बसलेली आई हात धरते, ‘नको रे खाजवूस’ म्हणते. हे वाक्य तिने दिवसभरात किती वेळा उच्चारलेले असेल, याची मोजदाद नाही. रात्री तेच मूल झोपेत खाजवते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.

याला मराठीत इसब म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर ‘एक्झिमा’ किंवा ‘अटॉपिक डर्मटायटिस’ असे लिहिलेले असते. इसब असलेल्या अनेक घरांच्या कपाटात दोन ट्यूब असतात. पहिली कधीतरी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलेली, अर्धी पिळलेली. ‘काकू, ही लावा, दोन दिवसांत साफ होईल,’ असे सांगून दिलेली, आणि खरोखरच दोन दिवसांत गुण देणारी. दुसरी त्वचारोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली, स्टेरॉइड नसलेली, महाग. तिच्या खोक्यात घडी घातलेले माहितीपत्रक असते. त्यातल्या चौकटीत ‘कॅन्सर’ हा शब्द वाचून घरातल्या कुणाच्या तरी काळजात धस्स होते. ही ट्यूब मग कपाटाच्या वरच्या खणात जाते आणि पहिली पुन्हा खाली येते.

भीती चुकीच्या ट्यूबची वाटते आहे, हे त्या घराला कुणीतरी स्वच्छ मराठीत सांगायला हवे.

गुण देणारी ट्यूब आणि तिची किंमत

इसब हा केवळ वरवरचा कोरडेपणा नाही. या आजारात त्वचेचा बाहेरचा थर, म्हणजे शरीराची कुंपणभिंत, कच्ची असते. आतला ओलावा टिकत नाही. बाहेरचे साबण, घाम, धूळ आणि जंतू सहज आत शिरतात. त्यांना पाहून शरीराची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त खवळते. लाली, सूज, खाज येते. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हे चक्र तोडणारे पहिले प्रभावी औषध म्हणजे स्टेरॉइड. कॉर्टिसोनवरील कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब आटोक्यात येते हे दाखवले. त्वचाविज्ञानात ती क्रांतीच होती. आजही इसब उफाळून आले की बहुतेक वेळा डॉक्टर पहिल्यांदा स्टेरॉइडच देतात आणि ते योग्यच असते. नेमकी ताकद, नेमकी जागा आणि नेमके दिवस ठरवून वापरलेले स्टेरॉइड हे सुरक्षित औषध आहे. त्याला सरसकट विष म्हणणेही तितकेच चुकीचे.

बिघडते ते मोजमाप सुटले की. तळपायाच्या जाड कातडीसाठी असलेले तीव्र स्टेरॉइड पापणीवर, गालावर, मानेवर, काखेत किंवा जांघेत महिनोन्‌महिने लावले, तर त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात, नको तिथे लव वाढते. डोळ्यांभोवती दीर्घकाळ वापरले तर डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि मोतीबिंदूचा धोका असतो. चेहऱ्याला तर या ट्यूबची चटकच लागते: लावणे थांबवले की लाली, जळजळ दुप्पट होऊन परत येते, म्हणून पुन्हा लावावे लागते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना ही अवस्था इतक्या वेळा पाहावी लागली, की त्यांनी तिला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असे स्वतंत्र नावच दिले.

हा प्रश्न किती पसरला आहे, याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीतून येतो. देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या बहुसंख्यांना ते डॉक्टरांनी सुचवलेले नव्हते. कुणी गोरे दिसण्यासाठी, कुणी मुरुमांसाठी, कुणी नुसतेच चांगले क्रीम म्हणून लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा ठरवले. कायदा आला, पण चिठ्ठी न मागता ट्यूब पुढे सरकवण्याची सवय मोडायला कायदा पुरत नाही, हे कुणाही ग्राहकाला ठाऊक आहे.

मातीतून आलेले औषध

दुसऱ्या ट्यूबची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. १९८४ साली त्सुकुबा परिसरातल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून फुजिसावा या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एक रसायन वेगळे केले. त्सुकुबा या गावाच्या नावावरूनच त्याचे ‘टॅक्रोलिमस’ असे नाव पडले. प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याचा त्याचा गुण आधी अवयव प्रत्यारोपणात कामी आला. यकृत किंवा मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचे शरीर नवा अवयव नाकारू नये, म्हणून हे औषध तोंडावाटे किंवा शिरेतून दिले जाते.

तेच रसायन अगदी कमी प्रमाणात मलमात घातले तर त्वचेतला अतिरेकी दाह शमेल का, हा पुढचा विचार होता. तो यशस्वी ठरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००० मध्ये टॅक्रोलिमस मलमाला आणि पुढच्याच वर्षी त्याच कुळातल्या पिमेक्रोलिमस या क्रीमला मंजुरी दिली. दोन्ही औषधे त्वचेतल्या टी-पेशींमधील ‘कॅल्सिन्यूरिन’ या प्रथिनाला अडवतात. दाह भडकवणारे निरोप मग पुढे जात नाहीत. आग विझवण्याचे काम स्टेरॉइडही करते, पण ते करताना त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनच्या निर्मितीवरही त्याचा परिणाम होतो. टॅक्रोलिमसचा तसा होत नाही. म्हणून त्वचा पातळ होण्याची चिंता राहत नाही, आणि पापण्या, चेहरा, मान, काखा, गुडघ्या-कोपरांच्या खोबणी अशा नाजूक जागांसाठी हे मलम विशेष उपयोगी ठरते.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. टॅक्रोलिमसचा रेणू आकाराने मोठा असतो. इसबाने फाटलेल्या त्वचेतून तो आत जातो. त्वचा सांधत आली की त्याचे आत जाणेही कमी होते. मलम लावणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात त्याचे प्रमाण नगण्य आढळते. याच कारणाने तळहाताच्या जाड कातडीवर ते अनेकदा पुरेसे पडत नाही. जुहू कोळीवाड्यात दिवसभर मासळी, बर्फ आणि खाऱ्या पाण्यात काम करणारे हात असोत, की टॉवरांमध्ये घरोघरी भांडी घासणारे हात. तिथे हातमोजे, साबणाशी कमी संबंध आणि भरपूर स्निग्ध मलम यांशिवाय कुठलीही महागडी ट्यूब पुरी पडणार नाही.

चौकटीतला ‘कॅन्सर’ कुठून आला?

मार्च २००५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या दोन औषधांबाबत सावधगिरीची सूचना काढली आणि २००६ च्या सुरुवातीला त्यांच्या माहितीपत्रकावर काळी चौकट आली. आधार तीन होते. प्रत्यारोपणानंतर तोंडावाटे टॅक्रोलिमस घेणाऱ्या रुग्णांत, इतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांप्रमाणेच, लिम्फोमासारख्या कॅन्सरचा धोका वाढतो. प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर तसे दिसले होते. आणि मलम वापरणाऱ्या काही मोजक्या रुग्णांत कॅन्सर आढळल्याच्या नोंदी होत्या, पण तो मलमामुळेच झाला हे सिद्ध झालेले नव्हते. चौकटीतच तसे लिहिलेले आहे: कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. पण घाबरलेला माणूस चौकटीतला एकच शब्द वाचतो.

औषध नवे होते, मुलांसाठी वापरले जाणार होते आणि दीर्घकाळाची माहिती हातात नव्हती. अशा वेळी नियंत्रकाने सावध राहणे चूक नव्हते. मात्र अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या निर्णयावर तेव्हाच नाराजी व्यक्त केली होती. युरोपच्या औषध यंत्रणेनेही तेव्हा तपासणी करून, काळजीपूर्वक वापरल्यास फायदा धोक्यापेक्षा जास्त, असा निष्कर्ष काढला.

नंतरच्या वर्षांत प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. टॅक्रोलिमस मलम वापरलेल्या ७,९५४ मुलांचा माग ठेवणारा ‘ॲपल्स’ हा दहा वर्षांपर्यंतचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या मुलांत एरवीही कॅन्सरचे जवळपास सहा रुग्ण अपेक्षित होते. आढळले सहाच, आणि त्यांत लिम्फोमा एकही नव्हता. पिमेक्रोलिमसचा २,४१८ तान्ह्या बाळांवरचा पाच वर्षांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यातही वाढ किंवा प्रतिकारशक्तीवर वाईट परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये जगभरच्या ११० अभ्यासांचा, सुमारे ३४ लाख रुग्णांचा एकत्रित आढावा ‘लॅन्सेट’ समूहाच्या बालआरोग्यविषयक नियतकालिकात छापून आला. या मलमांमुळे कॅन्सरचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही.

काही निरीक्षणात्मक विश्लेषणांत लिम्फोमाशी किंचित संबंध दिसला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तीव्र इसब असलेल्यांत मुळातच लिम्फोमाचे प्रमाण थोडे जास्त असू शकते, आणि नेमके तेच लोक हे मलम जास्त वापरतात. कारण आणि परिणाम यांची तिथे सरमिसळ होते. प्रत्यक्ष धोका, असलाच तर, अत्यल्प आहे.

उलट बाजूच्या पारड्यात रोजचे, डोळ्यांना दिसणारे नुकसान आहे: पातळ झालेली पापणी, झोप न झाल्याने वर्गात पेंगणारे मूल, त्याच्यासोबत रात्रभर जागणारी आई. कागदावरच्या शक्यतेची भीती बाळगून चेहऱ्यावरची खात्रीची हानी पत्करणे हा शहाणपणाचा सौदा नाही.

‘स्टेरॉइड नाही’ म्हणजे ‘कसेही लावा’ नव्हे

याचा अर्थ हे मलम बिनधास्त चोपडावे असा मुळीच नाही. स्टेरॉइडच्या भीतीतून सुटलेले काही जण ‘स्टेरॉइड-फ्री’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवतात, आणि तीच चूक वेगळ्या ट्यूबने करतात. सुरक्षितपणा शिक्क्यात नसतो, तो वापरण्याच्या रीतीत असतो. ती रीत अवघड नाही.

टॅक्रोलिमस मलम दोन ताकदींत मिळते. २ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी ०.०३ टक्के आणि १६ वर्षांपुढच्यांसाठी गरजेनुसार ०.१ टक्के. वडिलांची ट्यूब मुलाला लावणे म्हणूनच बरोबर नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय लावू नये. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी, तसेच कुठल्याही कारणाने प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.

उफाळलेल्या इसबावर साधारणपणे दिवसातून दोनदा, पातळ थर लावतात. फक्त बाधित जागेवर. मोजायला सोपे माप आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. समजा, चार तळव्यांएवढी जागा बाधित आहे. तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसाला दोन ग्रॅम, आणि १० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपेल. एवढ्याच जागेसाठी तीन महिने एक ट्यूब पुरवणाऱ्या घरात औषध ‘लागू पडत नाही’ अशी तक्रार येते, ती बहुधा काटकसरीमुळे. महागाईचा हिशेब खरा आहे. पण अपुरे लावून फुकट घालवलेली ट्यूब सर्वांत महाग पडते.

अंघोळीनंतर त्वचा टिपून, पूर्ण कोरडी झाल्यावरच मलम लावावे. ओल्या त्वचेवर जळजळ जास्त होते. मॉइश्चरायझर आणि मलम लगेच एकावर एक थापू नयेत. युरोपातले माहितीपत्रक दोन तासांचे अंतर ठेवायला सांगते. वरून पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळू नये. डोळ्यांत, तोंडात, नाकात जाऊ देऊ नये. लावल्यावर हात धुवावेत, अर्थात हातांवरच उपचार चालू नसतील तर. लावून लगेच समुद्रात किंवा तरणतलावात उतरले तर औषध पाण्याबरोबर जाते.

सूर्यप्रकाशाची काळजी तर जुहूसारख्या ठिकाणी विशेष हवी. या मलमाचा वापर चालू असताना त्वचेवर थेट ऊन कमीत कमी पडावे असा इशारा आहे. म्हणजे चौपाटीवरचे खेळणे बंद करायचे नाही. ते ऊन उतरल्यावर ठेवायचे, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालायचा आणि उघड्या भागाला सनस्क्रीन लावायचे.

सगळ्यांत जास्त ट्यूब फेकल्या जातात त्या पहिल्या आठवड्यात. मलम लावल्यावर जागा जळजळते, गरम वाटते, कधी खाज उलट वाढते. मूल रडते, आजी म्हणते, ‘बाळाला भाजतंय, टाका ते औषध.’ आजीची माया खरी असते, पण निष्कर्ष चुकतो. ही जळजळ सर्वश्रुत आहे आणि त्वचा सुधारू लागली की बहुतेकांत काही दिवसांत ओसरते. त्वचा फारच लाल आणि फुटलेली असेल तर डॉक्टर आधी थोडे दिवस सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड देऊन आग शांत करतात आणि मग या मलमावर आणतात. मोठ्या माणसांनी हेही लक्षात ठेवावे, की हे मलम चालू असताना मद्य घेतल्यास काहींचा चेहरा एकदम लाल होऊन तापतो. तो त्रास घातक नसतो, पण कारण माहीत नसेल तर घाबरवतो.

थांबायचे केव्हा, हे सुरू करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जागा पूर्ण बरी झाली की रोजचे लावणे थांबवतात. वरचेवर उफाळणाऱ्या इसबात, त्या ठरावीक जागांवर आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन-तीन दिवस सोडून लावत राहण्याची पद्धत आहे. त्याने पुढचे उफाळे लांबतात. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर परत जायचे. ट्यूब बदलत बसायचे नाही. अमेरिकी माहितीपत्रक त्यासाठी सहा आठवड्यांची मर्यादा सांगते.

इसब, नायटा की आणखी काही?

वरचे सगळे नियम पाळूनही औषध घात करू शकते, कारण ज्याला इसब समजले ते इसब नसते. मराठीत खाजेच्या आजारांना वेगवेगळी नावे आहेत: इसब, नायटा किंवा गजकर्ण, खरूज. घरात मात्र सगळ्यांना ‘खाज’ हा एकच शब्द वापरला जातो आणि एकाची ट्यूब दुसऱ्याला दिली जाते.

नायटा बुरशीमुळे होतो. दमट हवा, घाम, पावसाळ्यात न वाळलेले कपडे यांनी मुंबईत तो फोफावतो. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी, औषधांना न जुमानणाऱ्या नायट्याची साथच आली आहे. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे भारताचा निर्देश करणारे नाव मिळाले. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा सर्रास वापर हे या साथीचे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. स्टेरॉइड लावले की लाली दबते, बुरशी मात्र निर्वेधपणे पसरते. टॅक्रोलिमसही तिथल्या प्रतिकाराला लगाम घालते, त्यामुळे नायट्यावर तेही चालत नाही. कडेला उठावदार आणि मध्ये फिकट होत जाणारे वर्तुळ, घरात दोघा-तिघांना एकाच वेळी खाज, रात्री बोटांच्या बेचक्यांत वाढणारी खाज: अशी चिन्हे असतील तर कुठलेही दाहशामक मलम लावण्याआधी तपासणी हवी.

इसबावरही जंतुसंसर्ग झाला असेल, म्हणजे पू, मधासारखी पिवळी खपली, ताप, किंवा एकाएकी उठलेले दुखरे, पाण्याने भरलेले फोड असतील, तर मलम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हर्पीसचा विषाणू इसबाच्या त्वचेत झपाट्याने पसरतो, आणि लहान मुलात ती तातडीची अवस्था असते.

पाच मिनिटे कुणी द्यायची?

आजार ओळखणे आणि औषध समजावून सांगणे, या दोन्हींना वेळ लागतो. जुहूला महापालिकेचे कूपर रुग्णालय जवळ आहे आणि खासगी त्वचारोगतज्ज्ञांचीही वाण नाही. नेहरूनगरच्या वस्तीतले असो वा गुलमोहर रोडवरच्या इमारतीतले, दोन्हीकडच्या कुटुंबांना तज्ज्ञ गाठणे मुंबईबाहेरच्या मानाने सोपे आहे. तरीही दोन्हीकडच्या कपाटांत तीच अर्धी पिळलेली ट्यूब असू शकते. म्हणजे प्रश्न केवळ डॉक्टर मिळण्याचा नाही.

पहिली जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची. ‘दिवसातून दोनदा’ एवढेच लिहून भागत नाही. कुठे, किती, किती दिवस, जळजळ होईल ती का, चौकटीतल्या इशाऱ्याचा अर्थ काय, आणि पुन्हा केव्हा यायचे, ही सहा उत्तरे मराठी किंवा हिंदीत एका कागदावर लिहून द्यायला हवीत. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलणे जमत नाही, हे मान्य. पण छापील कागद तर देता येतो. माहितीपत्रकातली इंग्रजी बारीक अक्षरे रुग्णाला घाबरवतात आणि डॉक्टरांचे मौन त्या भीतीवर शिक्कामोर्तब करते.

दुसरी केमिस्टची. चिठ्ठी मागणे हा ग्राहकाचा अपमान नाही; ते त्याचे संरक्षण आहे. तीन-चार औषधांची खिचडी असलेली मलमे ‘सगळ्यावर चालणारी’ म्हणून पुढे करणे थांबले, तर निम्मे चेहरे वाचतील.

तिसरी औषध कंपन्यांची आणि सरकारची. टॅक्रोलिमसची ट्यूब स्टेरॉइडच्या ट्यूबपेक्षा कितीतरी महाग असते. सुरक्षित पर्याय महाग आणि धोकादायक सवय स्वस्त असेल, तर गरीब घर काय निवडणार, हे वेगळे सांगायला नको. सार्वजनिक रुग्णालयांत हे मलम नियमित उपलब्ध राहिले, तर ते उधळपट्टी ठरणार नाही.

आणि उरलेली घराची. इसब हा जन्मठेपेसारखा नसला तरी लांबचा सोबती आहे. पुष्कळ मुलांत वयाबरोबर तो ओसरतो, तोवर त्याला सांभाळायचे असते. त्या सांभाळण्यात मलमाचा वाटा थोडा आणि रोजच्या सवयींचा मोठा. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण, त्वचा टिपून लगेच सुगंधविरहित मॉइश्चरायझर, पेट्रोलियम जेली किंवा सोसत असेल तर साधे खोबरेल; सैल सुती कपडे, घाम आल्यावर अंग पुसणे, कापलेली नखे. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ आणि पुन्हा स्निग्ध लेप. हा पाया पक्का असेल तर दोन्ही प्रकारच्या ट्यूब कमी लागतात.

आज रात्री कपाट उघडून दोन्ही ट्यूब टेबलावर ठेवाव्यात. जिचे नाव, ताकद आणि मुदत कुणालाच सांगता येत नाही, तीच लावत आलो असू, तर मात्र ती एका झटक्यात टाकून देऊ नये. दोन्ही पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्याव्यात आणि पहिली कशी सोडायची, दुसरी कशी लावायची, ते विचारून कागदावर लिहून घ्यावे. वरच्या खणातले औषध खाली आणण्याची ती योग्य वाट आहे.